लाखमेंदूची अक्कल

लाखमेंदूच्या मेंदूचं वजन नेमकं किती, यावरून केस पिकलेली दोन माणसं अक्षरताईच्या टेबलापाशी पाऊण तास भांडत होती. एकाचं म्हणणं, चित्रकथेच्या बाराव्या अंकाच्या सहाव्या पानावर ते पावणेतीन किलो दिलं आहे. दुसरा म्हणत होता, ते कवटीसकट. ताईने शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवलं होतं आणि समोरच्या कोऱ्या कागदावर पुठ्ठा ओढला होता, कारण भांडता भांडता एकाची थुंकी उडत होती. तिला दोघांचीही किळस आली होती. खरं सांगायचं तर गेले पंधरा दिवस तिला सगळ्याचीच किळस येत होती, आणि ती काही पोटाची तक्रार नव्हती.

भांडणाऱ्यांतला एक प्रकाशनाचा मालक. दुसरा दातांचा डॉक्टर, लाखमेंदू संग्राहक मंडळाचा अध्यक्ष. कचेरीत त्याला सगळे चिमटा म्हणत, कारण जुन्या अंकाचं पान तो बोटाने उलटत नसे. रबरी हातमोजे चढवून, टोकाला कापूस गुंडाळलेल्या चिमट्याने उलटे. पान उलटलं की नाक खाली नेऊन हुंगे, डोळे मिटे आणि ओठांवरून जीभ फिरवे. वाचत मात्र नसे, वाचल्याने म्हणे अंकाचा कणा मोडतो. त्याच्याकडचा प्रत्येक अंक एकात एक अशा तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद होता. दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात त्याने एका बाटलीत लाखमेंदूच्या लेखकाची अक्कलदाढ ठेवली होती, स्वतः उपटलेली. खाली चिठ्ठी होती, 'निर्मात्याची अक्कलदाढ, डावी, खालची'. पेशंट खुर्चीत आ वासून बसला की त्याला समोर तीच दिसे.

तो लेखक म्हणजे अक्षरताईचे बाबा.

ताईचं काम फुगे भरायचं. चित्रकार माणसाच्या तोंडातून निघणारा फुगा मोकळा सोडतो, त्यातले शब्द टाकाने आणि शाईने ती काढायची. पस्तीस वर्षं तिने हेच केलं. आता ही कामं यंत्रं करतात, पण लाखमेंदूची खास संग्राहक आवृत्ती निघणार होती आणि मालकाला तिच्यात हाताची अक्षरं हवी होती. पुस्तकाच्या शेवटी दोन पानांवर 'लाखमेंदू: संपूर्ण ओळख' यायची होती. उंची, छाती, शत्रू, कमजोरी, बुद्धीचा उगम असे रकाने, आणि सगळ्यांत शेवटी सोनेरी चौकटीत 'बुद्धीचा कळस'. मजकूर बाबा सांगणार आणि ताई काढणार असं ठरलं होतं. सगळ्या किळसेचं मूळ त्या सोनेरी चौकटीत होतं.

लाखमेंदू हा जगातला सर्वांत हुशार माणूस. अंगावर वीज पडून त्याच्या डोक्यात लाख माणसांची बुद्धी शिरलेली. तो मारामारी करत नाही, हिशेब करतो आणि सुटतो. अडचण एकच होती, बाबांना गणित येत नव्हतं. दहाला पाच कमी आहेत की दहा वाजून पाच झाले आहेत, हे त्यांना घड्याळाकडे दोनदा पाहूनही खात्रीने सांगता येत नसे. मग ते प्रसंग झोकात रंगवत आणि गाडी अडली की कंस करून लिहीत, 'इथे अक्कल'. लाखमेंदू तुटक्या पुलावर, मागे वाघ, पुढे दरी, इथे अक्कल. ते कागद मग आईकडे जात. आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की ती लाल पेन्सिल ठेवून काळी घ्यायची आणि दोराची लांबी, वाघाचा वेग यांची मांडणी करून लाखमेंदूला दरीपार न्यायची.

महिन्याला चार-पाच अकला लागत. अंकावर नाव एकट्या बाबांचं. आईला त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटलं असेल तर तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. तिला कोडी रचण्यातच गंमत वाटे, आणि रचलेलं कोडं ती आधी लेकीला घालून बघे. लेकीला झटकन सुटलं तर ते सोपं, मग त्याला आणखी एक पीळ द्यायचा. लेकीला सुटणार नाही असं कोडं रचायला आईला दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागला होता. हिला पुढे गणितातच घालायची, हे तिने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

एकेचाळिसाव्या अंकाच्या महिन्यात आईची आई अंथरुणाला खिळली आणि आई तिकडे गेली. अंक थांबणार नव्हता. मी काय अगदीच ढ आहे का, असं म्हणून बाबांनी त्या वेळची अक्कल स्वतःच घातली. प्रसंग असा होता की दुष्टाने एका लहान मुलाला रिकाम्या टाकीच्या तळाशी बांधलं आहे. एक नळ ती टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, आणि दुष्टाने दोन्ही सोडले आहेत. लाखमेंदू डोळे मिटतो, कपाळावरची शीर फुगवतो आणि म्हणतो, चार आणि सहा दहा, दहाचे निम्मे पाच, म्हणजे माझ्याकडे पाच तास आहेत. मग तो आधी दुष्टाच्या गुहेत जातो, तिथे दोन पानं टोमणे मारतो आणि साडेचार तासांनी टाकीपाशी पोचतो. मूल गळ्यापर्यंत पाण्यात, पण हसतं आहे.

अक्षरताई तेव्हा सोळा वर्षांची होती. सुट्टीत फुगे भरायला नुकती लागली होती. तिने टाक खाली ठेवला.

“बाबा, नुसत्या पहिल्या नळानंच टाकी चार तासांत भरते. दुसरा सोडल्यावर वेळ वाढेल कसा? दोन तास चोवीस मिनिटं होतात. ते मूल मेलंय.”

“तू अक्षरं काढ,” बाबा म्हणाले. “अक्कल काढू नकोस.”

तिने काढली अक्षरं, आणि सुरेख काढली.

अंक बाजारात गेला आणि पत्रांची पोती यायला लागली. शाळकरी पोरांना असल्या गोष्टी बरोबर दिसतात. मूल दोन तास सहा मिनिटांपूर्वीच मेलं, असं एकाने हिशेबासकट लिहिलं होतं. तेव्हाच्या मालकाने, आताच्याच्या बापाने, अंक परत मागवून लगदा करायला पाठवला आणि चूक कुणाची म्हणून विचारलं. पोरीची, असं बाबा म्हणाले. पुढच्या अंकात छापून आलं की अक्षरलेखिकेच्या अनवधानाने मागील अंकात चुकीचा आकडा पडला, क्षमस्व.

आई परत आली ती आपली आई गमावून. तिच्या हातात अजून पिशवी होती, तेवढ्यात बाबांनी दारातच सांगून टाकलं की पोरीने हट्ट धरला, या खेपेची अक्कल मी घालते म्हणाली, मीच भाबडा, घालू दिली. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तर असं. आईने सुजलेल्या डोळ्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक गप्प राहिली. अशा वेळी भांडण कुठे काढायचं, हे एक कारण. दुसरं आणि खरं कारण म्हणजे तिला आईचाच राग आला होता. जिला दर आठवड्याला कोडी घातली तिला नळाचं गणित येतं की नाही, हे आईला सांगावं लागावं? आईला ते आपलं आपल्याला कळायला नको?

“तुझं अक्षर छान आहे,” आई पिशवी खाली ठेवून म्हणाली. “त्यातच राहा.”

त्यानंतर आईने तिला एकही कोडं घातलं नाही. गणितात घालायचं नावही काढलं नाही. ताई फुगे भरत राहिली. आता ती एक्कावन्न वर्षांची होती, आईच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग आला होता आणि तिला अक्षर दिसेनासं होऊन चार वर्षं झाली होती. ताईला आयुष्याकडून फारसं काही नको होतं. आपली लेक ढ नव्हती, हे आई जिवंत आहे तोवर तिला कळावं, आणि ते आपण हात जोडून न सांगता कळावं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि आता ही चौकट आली होती. लगदा झाल्यामुळे एकेचाळिसावा अंक दुर्मीळ झाला. दुर्मीळ झाला म्हणून तो थोर झाला. चिमट्याने त्यावर बारा पानी लेख लिहिला, की दुष्ट भिंतीआड कान लावून बसला आहे हे लाखमेंदूने ओळखलं होतं आणि त्याला गाफील ठेवायला मुद्दाम चुकीचा आकडा मोठ्याने उच्चारला. त्या मुलाने आधी पाणी पिऊन पातळी कमी ठेवली असणार, असंही त्यात होतं. बाबांनी लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा ते स्वतः थक्क झाले. आठवड्याभरात त्यांना आठवलंच की आपण अगदी तसंच ठरवलं होतं. चूक होती तोवर ती लेकीची होती, हिरा निघाल्यावर ती बाबांची झाली.

ते मजकूर सांगायला बसले तेव्हा त्यांचे पाय गरम पाण्याच्या बादलीत होते. सांगता सांगता ते टाचेची भिजलेली कातडी नखाने सोलत होते आणि बादलीच्या काठावर ओळीने चिकटवत होते. ताई वहीकडे बघून लिहीत होती, पण तो ओला आवाज कानात जातच होता.

“कमजोरी, काही नाही,” बाबा म्हणाले. “बुद्धीचा उगम, वीज.”

महिन्याच्या चार-पाच अकला कुणी घातल्या ते कुठल्या रकान्यात लिहू, असं ताईने विचारलं. बाबांनी कातडीचा एक लांब तुकडा काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले की घरातल्या गोष्टींत वाचकाला रस नसतो. मग त्यांनी सोनेरी चौकट सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता, हे सगळ्यांत ओंगळ होतं. शेवटी ते म्हणाले, आईला हे वाचून दाखवू नकोस, तिला या वयात कशाचाच ताण नको.

ताईने दुसऱ्या दिवशी ती चौकट काढली. पस्तीस वर्षांत तिने राक्षसांच्या आणि खुन्यांच्या तोंडचे फुगे भरले होते, पण टाक धुऊन टाकावासा वाटला तो याच वेळी. तिने हात साबणाने दोनदा धुतले. मोरीपाशी हात पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आपण सांगायचं नाही हे खरं, पण हे आपलं सांगणं कुठे आहे? हा बाबांचा शब्द आहे, त्यांच्या सहीचा. बाबा वाक्यं प्रमाणम्. तिने कागदाची झेरॉक्स काढली आणि ती पिशवीत घातली.

बाबा फिरायला गेले होते. आई पलंगावर बसून चाचपून चाचपून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांचं नवं पान आलंय, वाचू का, असं ताईने विचारलं. आई म्हणाली, वाच. उंचीला ती काही बोलली नाही. मेंदूच्या वजनाला जरा हसली. बुद्धीचा उगम वीज, हे ऐकल्यावर तिने हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

मग ताईने चौकट वाचली. “बुद्धीचा कळस, अंक एकेचाळीस. शत्रू ऐकतो आहे हे जाणून लाखमेंदूने पाच तास हा चुकीचा आकडा मुद्दाम उच्चारला. हा आकडा लेखकाने एकट्याने, तीन दिवस अन्नपाण्यावाचून विचार करून निवडला.”

आई थांबली. “पुन्हा वाच.”

ताईने पुन्हा वाचलं.

“एकट्यानं?”

“एकट्यानं असंच लिहायला सांगितलंय.”

“म्हणजे पाच त्यांनी लिहिले.” आई ताईच्या चेहऱ्याच्या बाजूला, कानाच्या दिशेने बघत होती, तिला कडेकडेचंच दिसायचं. “तू काय म्हणाली होतीस?”

“दोन तास चोवीस मिनिटं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

ताईने हे उत्तर पस्तीस वर्षं घासून घासून धारदार करून ठेवलं होतं, पण ते तोंडातून भलतंच बारीक निघालं. “मला वाटलं, तुला कळेल.”

आईने घड्या घातलेले सगळे कपडे एकावर एक रचले, ते कपाटात ठेवायला उठली आणि चुकून बाबांच्या कप्प्यात स्वतःचे कपडे ठेवून आली. परत बसल्यावर तिने एवढंच विचारलं, की त्या पुस्तकाच्या प्रकाशनाचा समारंभ कधी आहे. मला पुढच्या रांगेत बसव, असं म्हणाली. ताईला रडू येत होतं आणि रागही येत होता. पस्तीस वर्षांनी आईने एक प्रश्न विचारला आणि पुढे नुसती जागा मागितली, हे तिला फार थोडं वाटलं.

समारंभाला सभागृह खच्चून भरलं होतं. पन्नाशीची पोट सुटलेली माणसं पाठीला लाल कापडं बांधून आली होती आणि कपाळावर त्यांनी निळ्या रंगाने फुगलेली शीर काढली होती, ती घामाने ओघळून भुवयांत उतरत होती. सगळीकडे घामाचा, रबराचा आणि नव्या प्लास्टिकचा वास होता. नवं पुस्तक दारात विकायला होतं. लोक ते घेत आणि न उघडता तिथल्या तिथे पिशवीत घालून बंद करत. जिच्या अक्षरांसाठी आवृत्ती काढली, तिची अक्षरं बघायला एकानेही पान उलटलं नाही. एकाने ताईला तिचा जुना टाक मागितला. न धुतलेला द्या, असंही वर म्हणाला.

मंचावर बाबा, मालक आणि चिमटा. बाबांनी अन्नपाण्यावाचूनच्या तीन दिवसांची गोष्ट सांगितली, ती मंचावर येईतो पाच दिवसांची झाली होती. चिमट्याने रुमालाने डोळे टिपले आणि कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाला. पहिला प्रश्न मेंदूच्या वजनाचा आला. दुसरा प्रश्न विचारायला आई उठली. ताईने तिची बाही ओढली, पण ती शेजारच्या खुर्चीची पाठ धरून ताठ उभी राहिली होती. वर्गात उभी राहत असेल तशी.

“एका नळानं टाकी तीन तासांत भरते, दुसऱ्यानं सहा तासांत,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. “दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल, ते लेखकांनी सांगावं.”

लोक हसून मंचाकडे बघू लागले. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं आणि त्याच्या मागचा रंग उतरला. त्यांनी मालकाकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, पेल्यातलं पाणी प्यायले. ओठ हलत होते. ताईने लांबूनच ओळखलं, तीन आणि सहा नऊ, नवाचे निम्मे.

“साडेचार तास,” बाबा म्हणाले.

आता उघडं पडलं, असं ताईला वाटलं आणि त्याचीही तिला लाज वाटली. तेवढ्यात चिमट्याच्या घशातून एक ओला हुंदका निघाला. तो उठून उभा राहिला आणि हातमोज्यांसकट टाळ्या वाजवू लागला. मग कुणीतरी मागून ओरडलं की शत्रू ऐकतोय. झालं, सगळ्यांना समजलं. मुद्दाम चुकवलं, आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत. सगळं सभागृह उभं राहिलं. लाल कापडं हलू लागली, माणसं रडू लागली, आणि बाबा छातीवर हात ठेवून तीनदा वाकले. तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता. ताईला खरोखरच मळमळलं. इतकं धडधडीत खोटं इतक्या लोकांना इतकं आवडतं, हे तिला माहीत होतं, पण ते असं अंगावर उडेल असं वाटलं नव्हतं.

आईने मंचाकडे पाहिलंही नाही. ती हाताने चाचपत होती. तिला ताईचं मनगट सापडलं.

“तू सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“तीन आणि सहा. किती वेळ?”

टाळ्यांत काही ऐकू येत नव्हतं. ताई आईच्या कानाशी गेली. “दोन तास.”

“कसे?”

“पहिला तासाला एक तृतीयांश टाकी भरतो. दुसरा एक षष्ठांश. मिळून अर्धी. दोन तासांत पुरी.”

आई ते मनात करून बघत होती. ओठ न हलवता, एक एक पायरी, उत्तरपत्रिका तपासताना करायची तसं. मंचावर बाबांच्या गळ्यात कुणीतरी लाल कापड घालत होतं.

“बरोबर,” ती म्हणाली. “मी तेव्हाच तपासायला हवं होतं.”

आणि मनगट न सोडता ती खाली बसली.